जिवाणूंच्या पुड्या आणि आतड्याची सूज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते) रुग्ण वाढले, तेव्हापासून जिन्यात, भाजीवाल्यापाशी आणि सोसायटीच्या ग्रुपवर लोक मला आतड्याबद्दल विचारू लागले. त्यातून विषय जिवाणूंच्या पुड्यांपर्यंत गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. औषधाचा सल्ला यात नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत.

पुड्या म्हणजे नेमकं काय?

ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला दोन पटलं असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं. बाहेरच्या पटलाला जागोजागी फुगवटा येतो, तो वाढतो, त्याची मान आवळली जाते आणि एक बारीक गोल थैली सुटी होते. पाठ्यपुस्तकात तिला पुटिका म्हणतात. मी पुडी म्हणते, कारण वाण्याच्या पुडीसारखा तिच्यात माल बांधलेला असतो. शिवाय 'पुडी सोडणे' हा आपला वाक्प्रचार इथे फारच चपखल बसतो: कुणीतरी दुरून पुडी सोडतं आणि गावभर कल्लोळ उठतो, सोडणारा मात्र जागचा हललेलाही नसतो. आतड्यात नेमकं तेच घडतं.

आकाराचा अंदाज हवा असेल तर हा हिशोब पाहा. ई. कोलाय सुमारे २ मायक्रॉन लांब असतो आणि पुड्या साधारण २० ते ३०० नॅनोमीटरच्या. जिवाणूला १२ मीटरची पीएमपीची बस मानलं, तर १०० नॅनोमीटरची पुडी ६० सेंटिमीटरची होते, म्हणजे त्या बसमधल्या कॉलेजच्या पोराच्या पाठीवरची सॅक.

सॅकमध्ये असतं काय? प्रथिनं, विकरं, काही जातींत विषं, पेशीभित्तिकेचे तुकडे (पेप्टिडोग्लायकॅन), डीएनए-आरएनएचे तुकडे. आणि सॅकच्या कापडातच विणलेलं असतं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे मेद आणि साखरेचा जोडरेणू, थोडक्यात एलपीएस. पुढची बरीचशी गोष्ट या एलपीएसभोवती फिरते.

पुडी जिवंत असते का? ती वाढते का?

नाही. तिच्यात जिवाणूची यंत्रणा नसते, त्यामुळे ती विभागत नाही. आणि जिवंत नाही म्हणून अँटिबायोटिकने मरतही नाही.

जिवाणू या पुड्या मुद्दाम सोडतात की त्या आपोआप सुटतात?

दोन्ही प्रकार दिसतात. बाहेरचं पटल आतल्या भित्तिकेला लिपोप्रोटीनच्या टाक्यांनी शिवलेलं असतं. जिथे टाके विरळ होतात किंवा बाहेरच्या पदरात मेदद्रव्य साचतं, तिथे फुगवटा येतो. उष्णता, लोहाची टंचाई, पित्तक्षार, अँटिबायोटिकचा मारा अशा तणावात पुड्यांचं प्रमाण बदलतं, पुष्कळदा वाढतं. दुसरा प्रकार जरा हिंसक आहे. २०१६मध्ये स्यूडोमोनासमध्ये असं दिसलं की काही पेशी चक्क फुटतात, पटलाच्या चिंध्या होतात आणि त्या चिंध्याच पुन्हा गोल होऊन पुड्या बनतात.

कुठल्या पुडीत कोणता माल जाणार हे पूर्ण नशिबावर सोडलेलं नसतं. काही प्रथिनं पुड्यांमध्ये पटलापेक्षा जास्त प्रमाणात सापडतात. पण 'जिवाणूने ठरवून पाठवलं' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे नवीन संशोधन आहे का?

नाही. १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे फुगे दिसले होते. कॉलऱ्याच्या जिवाणूत ते पाहणारे चॅटर्जी आणि दास हे आपले कोलकात्याचे, त्यांचा निबंध १९६७चा. पण बरीच वर्षं लोक त्याला पेशींचा कचराच समजत राहिले. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना तर बाहेरचं पटलच नाही, वर जाड भिंत, मग पुडी निघणार कुठून, असा युक्तिवाद होता. त्याही पुड्या सोडतात हे सर्वमान्य व्हायला २००९नंतरचा काळ यावा लागला.

मिसळ खाल्ली की पोटात आग पडते. तोच दाह का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि दोष मराठीचा आहे. शास्त्रीय मराठीत 'दाह' म्हणजे पेशींची विशिष्ट प्रतिक्रिया: रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी जमतात, ऊतक सुजतं. बोलीत मात्र दाह म्हणजे जळजळ. तर्रीतल्या मिरचीचं कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीला (पेशीवरच्या, खुणा ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. तोच ग्राही गरम चटका ओळखतो, म्हणून मेंदूला वाटतं भाजलं. यात जिवाणूही नाहीत आणि पुड्याही नाहीत. आम्लपित्ताची जळजळ ही तिसरीच गोष्ट.

डॉक्टर सोनोग्राफी पाहून 'आतड्याला सूज आहे' म्हणतात, त्यातला 'सूज' हा शब्द मला जास्त आवडतो. इथून पुढे मी तोच वापरते.

आतड्यात एवढे जिवाणू आहेत, मग रोजच सूज का येत नाही?

खरं कोडं हेच आहे. माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांच्यातल्या असंख्य ग्रॅम-निगेटिव्हांच्या पुड्या अहोरात्र सुटत असतात. तरी आपण सकाळी उठून पर्वतीला जाऊन येतो.

याला कारणं तीन-चार आहेत. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर चिकट श्लेष्माचे दोन थर असतात. बाहेरच्यात जिवाणू राहतात, आतला निरोगी माणसात जवळजवळ जिवाणूमुक्त असतो. त्याखाली अस्तराच्या पेशींचा एकच पदर, तोही चार-पाच दिवसांत नवा होणारा. या पेशी पोकळीकडच्या बाजूला एलपीएस ओळखणारे ग्राही फारसे ठेवतच नाहीत. म्हणजे रस्त्याकडची खिडकीच बंद! वर आतड्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर एलपीएसवरचा फॉस्फेट काढून त्याची नांगी मोडतं. अस्तराखालच्या भक्षक पेशीही इतर अवयवांतल्या पेशींच्या मानाने थंड डोक्याच्या असतात, गिळतात पण बोंब मारत नाहीत.

आणि एलपीएस सगळं सारखं नसतं. त्याच्या मुळाशी लिपिड-ए नावाचा भाग असतो, त्याला मेदाम्लांच्या शेपट्या असतात. ई. कोलायच्या लिपिड-एला ६ शेपट्या, आणि आपल्या प्रतिकारयंत्रणेला नेमक्या त्याच खुपतात. आतड्यात बहुसंख्येने राहणाऱ्या बॅक्टेरॉइड्सच्या लिपिड-एला सहसा ५ किंवा ४ शेपट्या आणि फॉस्फेटही कमी, त्यामुळे ते बरंच मवाळ असतं. म्हणून कुणाच्या पुड्या, हा प्रश्न किती पुड्या यापेक्षा आधी विचारायचा.

मग पुडी सूज आणते तरी कशी?

जिवाणूला श्लेष्माचा आतला थर सहसा ओलांडता येत नाही. पुडी त्याच्या मानाने इवलीशी असते, ती झिरपत जाऊ शकते. काही पुड्यांमध्ये श्लेष्मातले रेणू कापणारी विकरंही असतात. २०१५चा एक प्रयोग बोलका आहे. बॅक्टेरॉइड्स थीटायओटाओमायक्रॉन हा एरवी सालस जिवाणू. जनुकीय दोषामुळे सूज येण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांत त्याच्या पुड्या अस्तरापलीकडच्या प्रतिकारपेशींपर्यंत पोहोचल्या, आणि त्या पोहोचायला सल्फेट काढणारी विकरं लागत होती. ती विकरं चालेनाशी केल्यावर सूज टळली.

पोहोचल्यावर तीन ठिकाणी गडबड होऊ शकते. पहिलं ठिकाण दारावरचं. पेशीच्या पृष्ठभागावर टीएलआर-४ हा ग्राही असतो, तो एलपीएस ओळखतो. हे काम याच ग्राहीचं आहे हे १९९८मध्ये ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने दाखवलं, त्यासाठी त्यांना २०११च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. टीएलआर-४ जागा झाला की एनएफ-कप्पा-बी हा स्विच दाबला जातो आणि आयएल-८, टीएनएफ, आयएल-६ असे निरोप बाहेर पडतात. आयएल-८ ऐकून रक्तातले न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) धावत येतात.

दुसरं ठिकाण पेशीच्या आत. अस्तराची पेशी पुडी गिळते, पुडीतले पेप्टिडोग्लायकॅनचे तुकडे आत सांडतात आणि तिथला नॉड-१ हा पहारेकरी ते ओळखतो. एकट्या पेप्टिडोग्लायकॅनला एवढ्या सहजी आत शिरता येत नाही, पुडीतून मात्र ते घरपोच होतं. पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या पुड्यांवर हे २०१०मध्ये दाखवलं गेलं.

तिसरं ठिकाण मला सगळ्यांत थरारक वाटतं. एलपीएस पेशीच्या बाहेर असेल तर बोंबाबोंब होते, पण तेच पेशीद्रवात सापडलं तर पेशीला वाटतं की जिवाणू घरात घुसला. मग माणसात कॅस्पेज-४ आणि ५, उंदरात कॅस्पेज-११ चालू होतात. ते गॅसडर्मिन-डी या प्रथिनाचे तुकडे करतात, ते तुकडे पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात, पेशी फुगून फुटते आणि जाता जाता आयएल-१ बीटा आणि आयएल-१८ बाहेर टाकते. पेशीबाहेर राहणाऱ्या जिवाणूंचं एलपीएस आत जातं कसं, हे बरेच दिवस कळत नव्हतं. २०१६मध्ये दिसलं की पुड्या ते नेऊन पोहोचवतात. पेशी एका आत्महत्येइतकी गंभीर प्रतिक्रिया देते, आणि जिवाणू बाहेर कट्ट्यावर बसलेला असतो.

इथे चक्र सुरू होतं. टीएनएफसारखे निरोप अस्तराच्या पेशींमधले घट्ट सांधे सैल करतात. सांधे सैल झाले की आणखी पुड्या आत, आणखी निरोप, आणखी न्यूट्रोफिल. निरोगी आतड्यात हे चक्र लवकर विझतं. ज्याचं विझत नाही तो रुग्ण.

म्हणजे सगळ्या पुड्या वाईट?

मुळीच नाही. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस त्याच्या पुड्यांमधून पॉलिसॅकराइड-ए पाठवतो. २०१२च्या प्रयोगात या पुड्यांनी उंदरांतली प्रायोगिक सूज टाळली, कारण त्यांच्यामुळे प्रतिकारयंत्रणेला शांत ठेवणाऱ्या पेशी तयार होतात. २०१६मध्ये पुढचा धागा मिळाला: हा शांततेचा निरोप वाचायला यजमानाकडे एटीजी१६एल१ आणि नॉड-२ ही जनुकं धड असावी लागतात. याच दोन जनुकांतल्या बदलांचा क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेच्या आजाराशी संबंध आधीपासून माहीत होता, नॉड-२चा तर २००१पासून. म्हणजे काहींच्या बाबतीत वाईट पुडी आली हा प्रश्न नसून चांगली पुडी उघडताच आली नाही, असं असू शकतं. आतड्याच्या सुजेबद्दल वाचलेल्यांपैकी मला सर्वांत अस्वस्थ करणारी कल्पना हीच.

सिंहगड रस्त्यावरच्या जीबीएसचा आणि पुड्यांचा संबंध आहे का?

थेट नाही. गल्लत फार होते म्हणून सविस्तर सांगते.

नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत रुग्ण जास्त होते आणि दूषित पाण्यावर संशय होता. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला. जीबीएस होतो तो एका साम्यामुळे. या जिवाणूच्या काही प्रकारांच्या पृष्ठभागावरची साखर आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड या रेणूसारखी दिसते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती चुकून मज्जातंतूंवर जाऊन बसतात. जुलाबानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी पायांतली ताकद जाऊ लागते ती यामुळे. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्यांपैकी हजारात एखाद्यालाच हे होतं.

त्याआधीचे जुलाब, ताप, कधी शौचातून रक्त, हा मात्र आतड्याच्या सुजेचा भाग, आणि तिथे पुड्यांचा हात असल्याचे पुरावे प्रयोगशाळेत आहेत. कॅम्पिलोबॅक्टरच्या पुड्यांमध्ये पेशींचा डीएनए तोडणारं सीडीटी हे विष सापडलं आहे. त्यांच्यात काही प्रोटीएज विकरंही असतात, ती अस्तराच्या पेशींना जोडून ठेवणारी ई-कॅडहेरिन आणि ऑक्लुडिन ही प्रथिनं कापतात. भिंतीतलं सिमेंटच खरवडायचं, तसं.

पाणी उकळल्यावर पुड्या नष्ट होतात का?

उकळल्याने जिवाणू मरतात, काम तेवढंच आहे आणि ते पुरेसं आहे. एलपीएस मात्र उकळूनही टिकतं. औषध कंपन्यांत काचेच्या बाटल्यांवरचं एलपीएस घालवायला साधारण २५० अंश सेल्सियसची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. पण ते सलाइनसाठी, जे थेट रक्तात जातं. पिण्याच्या पाण्यातल्या चिमूटभर एलपीएसने निरोगी आतड्याचं काही बिघडत नाही, तिथे आधीच त्याचा महासागर आहे. टँकरचं पाणी बिनधास्त उकळून प्या.

जुलाब लागले की घरातली उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन घेतली तर?

नका घेऊ. बहुतेक जुलाब ओआरएस आणि विश्रांतीवर थांबतात. वर, डीएनएवर घाव घालणाऱ्या अशा औषधांनी काही जिवाणू फुटण्याआधी घाबरून आणखी विष आणि आणखी पुड्या सोडतात. शिगा-विष बनवणाऱ्या ई. कोलायच्या बाबतीत तर अँटिबायोटिक टाळण्याकडेच कल असतो. कॅम्पिलोबॅक्टरमध्ये या गटातल्या औषधांना दाद न देणं जगभर वाढलं आहे, तो तिसरा मुद्दा. शौचात रक्त, तीव्र ताप, लघवी कमी होणं किंवा पायांत अशक्तपणा असेल तर घरगुती फार्मसी बंद करून सरळ दवाखाना गाठा.

विरजणातल्या जिवाणूंच्या पुड्यांचं काय?

लॅक्टोबॅसिलस ग्रॅम-पॉझिटिव्ह, त्यामुळे त्याच्या पुड्यांत एलपीएस नसतंच. त्या टीएलआर-२ या दुसऱ्या ग्राहीशी जाऊन बोलतात आणि उंदरांत व पेशींच्या बशीत त्यांनी सूज कमी केल्याचं दिसलं आहे. वाटीभर दह्याने तुमच्या कोलायटिसवर (मोठ्या आतड्याच्या सुजेवर) काय होईल, हे त्यावरून ठरत नाही. दही भातावर छान लागतं म्हणून खा.

ई. कोलायचाच एक सज्जन भाऊ आहे, निस्ले १९१७. पहिल्या महायुद्धात आजूबाजूचे सगळे आजारी पडत असताना ज्या जर्मन सैनिकाला जुलाब झाले नाहीत, त्याच्या शौचातून आल्फ्रेड निस्ले यांनी तो १९१७मध्ये वेगळा केला. युरोपात तो औषध म्हणून मिळतो. त्याच्या पुड्याही अस्तर मजबूत करतात का, यावर काम चालू आहे.

'लीकी गट' म्हणतात ते हेच का?

अस्तराची गळती ही खरी, मोजता येणारी गोष्ट आहे. २०२०च्या एका अभ्यासात आतड्याचा अडसर बिघडलेल्या रुग्णांच्या रक्तात एलपीएसवाल्या पुड्या जास्त आढळल्या. पण थकव्यापासून केस गळण्यापर्यंत सगळ्याचं खापर ज्या 'लीकी गट'वर फुटतं आणि ज्याच्यावर पावडरी विकल्या जातात, तो बाजारातला शब्द आहे.

माझ्या पुड्या मोजून घेता येतील का?

दवाखान्यात अशी चाचणी नाही. सूज आहे का हे पाहायचं तर शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन मोजतात. हे न्यूट्रोफिलमधलं प्रथिन आहे, म्हणजे वर सांगितलेल्या गोष्टीच्या शेवटी जे धावत आले, त्यांच्या पायखुणा. मोठ्या माणसात ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या चालू असतील तर ते उगीच वाढलेलं दिसू शकतं, डॉक्टरांना आधी सांगा.

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस पुड्यांमुळे होतो का?

पुड्यांमुळेच होतो असं सिद्ध झालेलं नाही. जनुकं, आहार, लहानपणची अँटिबायोटिक्स, जिवाणूंची बदललेली वस्ती, असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं आणि पुड्या हा त्यातला एक निरोप्या. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे कोलोनोस्कोपीत इतके सारखे दिसू शकतात की बायॉप्सी पाहूनही कधी कधी ठरत नाही. उपचार मात्र उलटे: क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली आणि आत क्षय असला, तर तो उसळतो. म्हणून डॉक्टर काही वेळा आधी क्षयाची औषधं देऊन पाहतात. त्यांना निदान जमत नाही असा अर्थ काढू नका.

पुड्यांचा काही उपयोग?

आहे, आणि तो बाजारात आहे. मेनिंगोकोकस-बी या मेंदूज्वर आणणाऱ्या जिवाणूविरुद्धच्या काही लसींमध्ये त्याच्याच पुड्या वापरल्या जातात. क्यूबाने १९८०च्या दशकात अशी लस केली, न्यूझीलंडने २००४मध्ये स्वतःच्या साथीसाठी. गंमत म्हणजे न्यूझीलंडची ती लस घेतलेल्यांत गनोरियाही सुमारे ३१ टक्के कमी आढळला. दोन्ही जिवाणू सख्खे चुलत भाऊ, पुड्यांवरची ओळखही मिळतीजुळती.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी पुड्या वेगळ्या करायच्या आहेत. कुठून सुरुवात करू?

जिवाणूचा अधिकृत वाण घ्या, एनसीसीएसचा (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा) सूक्ष्मजीव संग्रह पुण्यातच आहे. रात्रभराचं कल्चर फिरवून पेशी खाली बसवा आणि वरचा द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. जिवाणू अडकतात, बहुतेक पुड्या पार होतात. मग अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये दीड लाख जीच्या आसपास दोन-तीन तास. तळाशी दिसेल न दिसेल असा चकतीसारखा थर बसतो, नळीवर आधीच पेनने खूण करा, नाहीतर ओतताना तोच जाईल.

नुसत्या मीडियमचीही एक नळी सोबत फिरवा. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये स्वतःचेच कण असतात आणि विद्यार्थी तेच मोजून खूश होतात, मीही एकदा झाले होते. पेशींवर परिणाम दिसला तर तो पुडीचा की तिच्यासोबत आलेल्या सुट्या एलपीएसचा, हे घनतेच्या स्तंभात पुड्या वेगळ्या केल्याशिवाय सांगता येणार नाही. परीक्षक हे विचारतातच. आणि नळ्या समोरासमोर तोलताना झाकणांसकट तोला.